चार जुनी झाडं आणि तीनशे रोपं

तुमचा प्रश्न मला असा समजला. पुण्यातल्या बाणेर भागातली तीन एकरांची, दीडशे सदनिकांची सोसायटी. ५ जूनला पर्यावरण दिनी तीनशे झाडं लावायची: काही आवारात, काही समोरच्या रस्त्याकडेला, उरलेली मागच्या टेकडीवर. पार्किंगच्या नव्या रॅम्पसाठी आवारातली चार मोठी झाडं, म्हणजे दोन कडुनिंब, एक चिंच आणि एक शिरीष, काढावी लागतील आणि त्यांच्या बदल्यात ही तीनशे. हवामान बदलाला यातून किती हातभार लागेल, कोणती झाडं घ्यावीत आणि मियावाकी, म्हणजे अगदी दाटीने रोपं लावून केलेलं छोटं जंगल, करावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. रॅम्पचा नकाशा बदला आणि चारही झाडं राखा. नवीन झाडं तीनशे नकोत, चाळीस लावा. टेकडीवर एकही लावू नका. मियावाकीची तुमच्या आवारात गरज नाही. शहरी झाडांच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की शहरात झाडांची संख्या मोजणं हेच आपल्या बहुतेक चुकांचं मूळ आहे. मोजायची ती सावली, आणि तीही एप्रिल-मे महिन्यातली.

आता कारणं. पहिलं कार्बनचं, कारण तुमचा उत्साह तिथूनच सुरू झाला आहे.

वाढीला लागलेलं मध्यम आकाराचं झाड वर्षाला ढोबळमानाने वीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून घेऊन लाकडात साठवतं. जात, माती, पाणी यांप्रमाणे हा आकडा बराच खालीवर होतो, पण हिशेबाला वीस धरू. तीनशे झाडं म्हणजे वर्षाला सहा टन. तेही सगळी जगली आणि मोठी झाली तर. दुसऱ्या बाजूला, दीडशे घरं महिन्याला सरासरी २०० युनिट वीज वापरत असतील तर वर्षाची ३,६०,००० युनिटं होतात. आपल्याकडची वीज अजूनही प्रामुख्याने कोळशावर तयार होते, एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तुमच्या सोसायटीचे फक्त विजेचे वर्षाला अडीचशे टन. गाड्या, गॅस, पाण्याचे टँकर यात धरलेलेच नाहीत. तुमची तीनशे झाडं ऐन भरात आली तरी त्यातले अडीच टक्केही भरून काढणार नाहीत.

कार्बनच कमी करायचा असेल तर गच्चीकडे बघा. आपल्याकडे एक किलोवॉटचं सौर पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिटं देतं, म्हणजे जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. सहा किलोवॉटची यंत्रणा, जी लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठीसुद्धा लहानच पडेल, ती पहिल्या वर्षापासून तेवढं काम करते जेवढं तीनशे झाडं मोठी झाल्यावर करतील. हे मी झाडं लावू नका म्हणून सांगत नाही. झाडांकडून जे काम होत नाही त्याची अपेक्षा ठेवली की जे काम ती अप्रतिम करतात त्याचं नियोजन राहून जातं, म्हणून सांगते.

ते काम म्हणजे उन्हापासून माणसाला वाचवणं. हवामान बदल शहरातल्या माणसाच्या अंगावर येतो तो मुख्यतः उष्णतेच्या रूपाने. डांबर, काँक्रीट, काचेच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता सोडत राहतात. त्यात प्रत्येक एसी घरातली उष्णता बाहेर टाकतो. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेतल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा तयार केला, मग नागपूरसारखी शहरंही त्या वाटेने गेली. युरोपातल्या ९३ शहरांचा एक अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शहरी उष्णतेमुळे एका उन्हाळ्यात तिथे जे सुमारे ६,७०० अकाली मृत्यू झाले, त्यातले एक तृतीयांशाहून जास्त शहराच्या ३० टक्के भागावर झाडांची छाया असती तर टळले असते, असा त्याचा निष्कर्ष. पुण्याची हवा वेगळी, घरं वेगळी, त्यामुळे तो आकडा तसाच्या तसा इथे आणता येणार नाही. पण त्या अभ्यासकांनी मोजलं काय ते बघा. झाडांची संख्या नाही, छायेखालचं क्षेत्र.

याच मापाने तुमचे चार वृक्ष मोजा. दहा मीटर व्यासाचा डेरा म्हणजे ७८ चौरस मीटर सावली. नर्सरीतून आणलेल्या रोपाचा डेरा अर्धा मीटर धरला तर ०.२ चौरस मीटर. म्हणजे एका डेरेदार कडुनिंबाएवढी सावली आज हवी असेल तर चारशे रोपं लागतील. चार झाडांना सोळाशे. तुमची तीनशे रोपं त्या सावलीच्या पाचव्या हिश्शालाही पुरत नाहीत, आणि पुरायला पंधरा-वीस उन्हाळे जावे लागतील. आज ज्यांना ऊन सोसत नाही, म्हणजे तुमच्याकडचे आजी-आजोबा, गेटवरचे सुरक्षारक्षक, दुपारी सामान पोचवायला येणारी मुलं, त्यांनी ते उन्हाळे कसे काढायचे?

कार्बनच्या मापानेही हा सौदा तोट्याचाच आहे. छातीच्या उंचीवर दोन मीटर घेर असलेल्या, चौदा-पंधरा मीटर उंच कडुनिंबात जमिनीच्या वर अंदाजे दोन टन सुकं लाकूड असतं. त्यात साडेतीन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बंद आहे. झाड पाडून त्याचं जळण झालं की तो सगळा परत हवेत. चार झाडांचे चौदा टन. तुमची नवी रोपं पहिली काही वर्षं जेमतेम किलो-दोन किलोच साठवणार आहेत.

शिवाय कायदा आहे. महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे आणि २०२१ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला आता हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची असायला हवीत आणि सात वर्षं सांभाळायची, अशी तरतूद आहे. तुमची चिंच आणि शिरीष सोसायटीच्या आधीपासून, शेताच्या बांधावर उभे असावेत. त्यांचं वय महापालिकेच्या उद्यान विभागाकडून ठरवून घ्या, मगच पुढे काय ते बोला. पूर्वीच्या एकास दोन-तीन रोपांच्या हिशेबापेक्षा हा वयाचा हिशेब मला न्याय्य वाटतो, कारण जुन्या झाडाची किंमत जास्त असते हे त्यात निदान मान्य केलं आहे. तरी मोजणी अजून रोपांचीच आहे, डेऱ्याची नाही. आपल्या राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवून मोहिमा झाल्या. खड्ड्यांचे आणि रोपांचे आकडे सगळ्यांना पाठ झाले. त्यातून किती चौरस किलोमीटर सावली तयार झाली हा प्रश्न तितक्या जोराने विचारलाच गेला नाही.

तुमच्या मनात पुनर्रोपण असेल, तर तेही सांगते. मोठं झाड उचलून दुसरीकडे नेता येतं, पण त्याची बहुतेक अन्नमुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत आणि डेऱ्याच्याही बऱ्याच बाहेरपर्यंत पसरलेली असतात. क्रेनने उचलताना त्यातली फार थोडी बरोबर येतात. वड-पिंपळासारखी झाडं पुष्कळदा तग धरतात. कडुनिंब-चिंचेच्या बाबतीत मला तो भरवसा नाही. पहिल्या पावसात पालवी फुटते, फोटो निघतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात झाड वाळतं. तेव्हा तिथे कोणी नसतं.

म्हणून पहिलं काम हे की आर्किटेक्टला बोलवा आणि रॅम्प फिरवून घ्या. मग त्या चार झाडांची सेवा करा. त्यांच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट भिडलेलं असणारच. ते हाताने, छिन्नी-हातोड्याने काढा, जेसीबी लावू नका. २०१३ मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्याकडे जागा आहे तर दोन मीटर मोकळं करा. वर सोसायटीचाच पालापाचोळा पसरा, बुंध्याला टेकणार नाही असा. फांद्यांवरच्या दिव्यांच्या माळा आणि खोडातले खिळे काढून टाका. आणि 'पावसाळ्याआधी छाटणी' म्हणून दरवर्षी जो ठेकेदार येतो आणि शेंडाच उडवून जातो, त्याला थांबवा. शेंडा उडवलेलं झाड घाबरून भराभर बारीक, कच्च्या जोडाच्या फांद्या काढतं आणि वादळात नेमक्या त्याच मोडतात. छाटणी करायची ती वाळलेल्या आणि धोकादायक फांदीची, फांदीच्या कॉलरशी (ती खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याशी), आणि उद्यान विभागाची परवानगी घेऊन. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडं कोसळली. अशा वेळी लोक झाडाला दोष देतात, पण उन्मळलेल्या झाडांची मुळं जवळून बघा. एका बाजूने केबलसाठी किंवा गटारासाठी खोदाई होऊन तोडलेली आणि दुसऱ्या बाजूने काँक्रीटमध्ये चेपलेली मुळं कितीतरी वेळा दिसतात. तुमच्या चिंचेजवळून गॅसची किंवा पाण्याची लाइन टाकायला कोणी आलं तर चर वळवून न्यायला सांगा. हे एवढं केलं तर तीनशे रोपांपेक्षा जास्त काम तुमच्या हातून झालेलं असेल.

आता नवीन झाडं. चाळीस हा आकडा मी कुठून काढला? तीन एकर म्हणजे साधारण १२,००० चौरस मीटर. त्याच्या ३० टक्के छाया म्हणजे ३,६०० चौरस मीटर, म्हणजे दहा मीटर डेऱ्याची सेहेचाळीस झाडं. चार जुनी तुमच्याकडे आहेत. उरली बेचाळीस. प्रत्यक्षात आवारात इतकी बसणार नाहीत, कारण पुण्यातल्या नव्या सोसायट्यांप्रमाणे तुमच्याकडेही पोडियमच्या, म्हणजे माती टाकून बाग केलेल्या स्लॅबच्या, खाली पार्किंग असणार आणि इमारतीभोवतीचा रस्ता अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळा ठेवावाच लागतो. पोडियमवर माती मीटरभर असते. तिथे प्राजक्त, कामिनी, फार तर पांढरा चाफा. वड-पिंपळ सोडाच, कडुनिंबही नको. खरी जमीन कुंपणालगत, क्लब हाउसच्या मागे आणि बिल्डरने ज्याला ॲमेनिटी स्पेस म्हटलं आहे तिथे सापडेल. आवारात वीसएक बसली तर उरलेली वीस समोरच्या रस्त्याला. रस्ता महापालिकेचा, तेव्हा आधी उद्यान विभागाला पत्र द्या आणि वरच्या तारा, खालच्या लाइन्स यांची माहिती घेऊन जागा ठरवा. दोन झाडांत आठ मीटर अंतर ठेवा. तीन-तीन मीटरवर लावलेली झाडं एकमेकांशी झगडत उंच आणि किडकिडीत होतात, डेरा धरत नाहीत.

जागा निवडताना एक गोष्ट पुस्तकांपेक्षा वेगळी आहे. परदेशी पुस्तकांत इमारतीच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला झाड लावा असं असतं. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळपास येतच नाही. भिंत भाजते ती तिसऱ्या प्रहरानंतर, पश्चिमेची, आणि तेव्हा सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेलाही झुकलेला असतो. म्हणून सगळ्यात चांगली झाडं पश्चिमेला आणि वायव्येला द्या. आणि जिथे माणसं पायी चालतात, थांबतात तिथे: गेटबाहेरचा बसथांबा, रिक्षा उभ्या राहतात ती जागा, शाळेच्या बसची वाट पाहायची जागा, भाजीवाल्याची हातगाडी. मे महिन्यात दुपारी डांबर साठ अंशांच्या घरात तापतं, सावलीतलं त्याच्यापेक्षा वीस अंशांनीही थंड असू शकतं. अंगाला जाणवणारा फरक बहुतांशी इथून येतो.

पानांतून पाण्याची वाफ होऊनही हवा थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाऊण युनिटाच्या जरा आत उष्णता लागते. मुबलक पाणी मिळालेल्या मोठ्या झाडाने दिवसात शंभर लिटर पाणी उडवलं तर दीड टनाचा एसी बारा-तेरा तास जेवढी उष्णता ओढतो तेवढी ते झाड शोषून घेतं. ही थंडाई वाऱ्याबरोबर पसरते, खोलीतल्यासारखी एका जागी जाणवत नाही. मुंबईच्या दमट हवेत तिचा उपयोग कमी, तिथे सावलीचंच महत्त्व. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोग जास्त, पण तिथे मे महिन्यात मुळाशी पाणी असतं कुठे? पुणे या दोन्हींच्या मध्ये बसतं.

आता जाती. इथे मला सगळ्यात जास्त आग्रह धरायचा आहे. आपल्याकडची बरीच सुंदर देशी झाडं पानझडी आहेत आणि नेमकी उन्हाळ्यात उघडी होतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं. बहाव्याचे पिवळे झुंबर एप्रिल-मेत लटकतात तेव्हा झाडाखाली सावली विरळच असते. गुलमोहर तर मूळचा मादागास्करचा, त्याचंही तेच. ही झाडं पक्ष्यांसाठी, मधमाश्यांसाठी, डोळ्यांच्या सुखासाठी जरूर लावा, पण बागेत. बसथांब्यावर नको. थांब्यावर लावायचं ते चैत्रात नव्या पानांनी भरणारं झाड.

यात माझा पहिला मान करंजाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि लगेच पोपटी पालवीने भरतो, एप्रिलमध्ये गर्द सावली देतो. मुरमाडात जगतो, पाणी साचलं तरी तगतो. पानांवर किडीच्या गाठी येतात, त्या दिसायला वाईट, पण झाडाला फारसा अपाय करत नाहीत. औषध मारत बसू नका. दुसरा कडुनिंब. तिसरा बकुळ: सदाहरित, वाढायला अतिशय सावकाश, पण एकदा धरला की पिढ्यान्‌पिढ्या. पुत्रंजीवाही चांगला, आटोपशीर डेरा आणि बारा महिने हिरवा. जांभूळ आवारात लावा, रस्त्यावर नको. जूनमध्ये फळांचा सडा पडतो आणि दुचाकी घसरतात, मग लोक झाडावरच कुऱ्हाड चालवायला निघतात. विजेच्या तारांखाली ताम्हण, कांचन, आपटा अशी बुटकी झाडं. ताम्हण आपलं राज्यफूल, एप्रिल-मेत जांभळ्या फुलांनी लगडतं आणि तोपर्यंत पानंही आलेली असतात. क्लब हाउसमागे खरोखर मोकळी जागा असेल तर एक वड किंवा उंबर. एकच, पण त्याला पंधरा मीटर द्या.

नर्सरीवाला तुम्हाला कोनोकार्पस सुचवेल: झटपट वाढतो, भिंतीसारखा दाट होतो, गुरं खात नाहीत. घेऊ नका. तेलंगण आणि गुजरात या राज्यांनी त्याच्या लागवडीला मनाई केली आहे. उंच सरळसोट खोटा अशोकही नको. तो सावली देत नाही, कुंपणाची शोभा फक्त. आणि कुठलीही एक जात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. मुंबईत रस्तोरस्ती पर्जन्यवृक्ष होते, पिठ्या ढेकणाची कीड आली आणि काही वर्षांत एका ओळीने कितीतरी वाळून गेले. मिश्र रांग असती तर रस्ते असे उघडे पडले नसते.

मियावाकीबद्दल. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची ही पद्धत खराब झालेल्या जमिनीवर तिथलंच मूळ जंगल परत आणण्यासाठी होती. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं, खतावलेली माती, दोन-तीन वर्षं पाणी. तुमची तीनशे रोपं त्यात शंभर चौरस मीटरमध्ये बसतील आणि आकडा पूर्ण होईल. ही पद्धत लोकप्रिय होण्यामागे मला तरी हेच कारण मोठं दिसतं. पण तेवढ्याच शंभर चौरस मीटरमध्ये रस्त्यावरच्या माणसाला, भिंतीला, गाडीला काहीच सावली मिळत नाही, कारण त्या झाडीच्या आत कोणी बसू शकत नाही. महामार्गालगत आवाज आणि धूळ अडवायला किंवा पक्ष्यांना आडोसा द्यायला तिचा उपयोग आहे. तुमची गरज ती नाही.

टेकडी. इथे कृपा करून थांबा. बाणेरच्या, वेताळच्या, तळजाईच्या टेकड्या उघड्या दिसतात म्हणून त्या उजाड आहेत असं आपण धरून चालतो. त्या गवताळ आणि विरळ खुरट्या झाडीच्या जागा आहेत आणि तो त्यांचा स्वभाव आहे. पातळ माती, खाली बेसॉल्ट, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं. तित्तर, चंडोल गवतात जमिनीवर अंडी घालतात. पावसाळ्यात रानहळद, कळलावी, जमिनीवरची ऑर्किडं उगवतात. गवताचा बराचसा कार्बन मुळांत, जमिनीखाली असतो, वरचं गवत जळलं तरी तो राहतो. तिथे खड्डे खणून झाडं लावली तर हे सगळं जातं. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी 'हिरवळ' म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलं गेलं. आज तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या गर्दीत जाऊन बघा, खाली गवत नाही, पक्ष्यांची वर्दळ कमी, आणि ऐन उन्हाळ्यात झाडं निष्पर्ण. या टेकड्यांवर वन विभागाची किंवा जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाची जमीन असते, परस्पर काही लावण्याचा आपल्याला अधिकारही नाही. टेकडीसाठी काही करायचं असेल तर फेब्रुवारी ते मे वणवा लागू नये म्हणून फिरायला येणाऱ्यांची एक टोळी करा, राडारोडा टाकणाऱ्या गाड्यांचे नंबर नोंदवून तक्रार करा, आणि टेकडीच्या उतारावर बांधकामाचा प्रस्ताव आला तर हरकती नोंदवायला दीडशे घरांच्या सह्या घेऊन जा.

लागवडीची तारीखही बदला. ५ जूनला पुण्यात बहुधा पाऊस नसतो. मे महिन्यात खड्डे खणून तापू द्या, दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत ओली झाली की जूनअखेर किंवा जुलैत लावा. ५ जूनला मुलांना बोलावून जुन्या झाडांभोवतीचं काँक्रीट काढण्याची सुरुवात करा, तो कार्यक्रम जास्त देखणा होईल. खड्डा खोल नको, रुंद हवा. मुरमात खणलेला मीटरभर चौकोनी खड्डा म्हणजे मुळांसाठी कुंडीच. त्याच्या भिंती पहारीने फोडून खडबडीत करा, आणि रांगेत लावत असाल तर दोन खड्ड्यांमधली जमीनही फोडून एकच लांब पट्टा करा. मुळांना शेजाऱ्याची माती वापरता येते. भरताना तिथलीच माती, गाळाची माती आणि चौथा हिस्सा जुनं कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको, वाळवी येते.

रोप विकत घेताना उंचीला भुलू नका. नर्सरीत आठ-दहा फुटी रोपं लहान पिशवीत वर्षानुवर्षं ठेवलेली असतात, मुळं आत गोल गोल फिरून दोरखंडासारखी झालेली. ती झाडं दहा वर्षांनी स्वतःच्याच मुळांनी आवळली जातात किंवा वाऱ्याने उपटतात. पाच-सहा फुटांचं, जाड खोडाचं, मोठ्या पिशवीतलं रोप निवडा. एखादी पिशवी फाडून मुळं दाखवायला सांगा. नर्सरीवाला नको म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. लावताना खोड आणि मुळं जिथे मिळतात ती जागा जमिनीच्या पातळीवर ठेवा, त्यावर माती चढवू नका. एवढ्याशा चुकीने कितीतरी रोपं बुंध्याशी कुजतात.

मग पाणी. दिवाळीनंतर पहिला पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा, दर वेळी वीस लिटर, आळं भरून आणि सावकाश. रोज तांब्याभर पाणी घातलं की मुळं वरच राहतात. चाळीस झाडांना आठवड्याला १,६०० लिटर लागतील, म्हणजे महिन्याला दहा हजार लिटरचा एक टँकरही नाही. तुमच्याकडे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर टँकरही नको, तेच पाणी द्या. आळ्यात चार बोटं पाचोळा ठेवला तर पाणी बरंच कमी उडतं. तो झाडणाऱ्या मावशींना आणि सोसायटीच्या मॅनेजरला हे नीट समजावून सांगा, नाहीतर 'कचरा' म्हणून सकाळी गोळा होऊन संध्याकाळी जाळला जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, तिसऱ्यात दहा दिवसांनी एकदा. पैशांची तरतूद करताना रोपांपेक्षा या तीन उन्हाळ्यांसाठी जास्त ठेवा: एका माळ्याचा पगार, होज पाइप, आणि मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला गेलेली असताना कोण बघणार त्याचं नाव कागदावर.

पुराचंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आला तसा पूर झाडं अडवू शकत नाहीत. त्यासाठी ओढे मोकळे हवेत. पण बुंध्याभोवती मोकळी केलेली जमीन रोजच्या पावसाचं बरंच पाणी जिरवते, आणि तुमच्या बोअरला ते उपयोगी पडेल.

दर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान प्रत्येक झाडाखाली टेप घेऊन जा. सूर्य डोक्यावर असतो, सावलीचा घेर म्हणजेच डेऱ्याचा घेर. तो वहीत नोंदवा, जुन्या चार झाडांचाही. ज्या रोपाचा घेर सलग दोन वर्षं वाढला नाही त्याची माती उकरून मुळं तपासा. बांबूची बांधणी दुसऱ्या पावसाळ्यानंतर सोडा. लोखंडी जाळी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, खोड तिला टेकायच्या आत, कापून काढा. हे काम कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि खोडात रुतलेल्या जाळ्या घेऊन उभी असलेली झाडं पुण्यात प्रत्येक रस्त्यावर आहेत. त्याची तारीख आत्ताच सोसायटीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घालून ठेवा.